शोधाची मजुरी

कोल्हापूरच्या कुठल्याही गॅरेजात दिवसातून एकदा तरी हे वाक्य कानावर पडतं, ‘मिस्त्री, गाडी ओढंना झालीया.’ आणि त्याच्या जोडीला दुसरं, ‘सिग्नलला उभी केली की नुसती थरथरती.’ तक्रार एवढीच. गिऱ्हाईक किल्ली टेबलावर ठेवतं आणि ‘संध्याकाळी येतो’ म्हणून निघायला लागतं. मी त्याला बसवून घेतो, चहा सांगतो. या दोन वाक्यांच्या पोटात सैल झालेल्या एका क्लिपपासून जळालेल्या व्हॉल्व्हपर्यंत काहीही असू शकतं, आणि त्यातलं निम्मं माणसाकडून काढून घ्यावं लागतं.

सकाळी पहिल्या स्टार्टला थरथरते की गरम झाल्यावर? एसी लावला की वाढतं? हळूहळू होत गेलं की एका दिवसात? चढालाच मरते की सपाटीलाही? याआधी कुठं काम केलंय? पाण्यातून गेली होती का? पहिली उत्तरं ‘तसं काय लक्षात न्हाई बघा’ अशीच येतात. पण चहा संपेपर्यंत काही ना काही बाहेर पडतं. ‘सर्व्हिसिंग करून आणल्यापासनं’ एवढं एक वाक्य आलं तरी माझं अर्धं काम होतं. मग मी आधी बघतो की एअर फिल्टरचा डबा बंद करताना कुणी पाइप अर्धवट बसवलाय का, एखादा सॉकेट लावायचा राहिलाय का.

या प्रश्नांमागं एक साधा हिशेब आहे. इंजिनाला हवा, पेट्रोल, ठिणगी आणि दाब लागतो. पेट्रोलच्या एका भागाला वजनानं १४.७ भाग हवा, हे पुस्तकातलं प्रमाण. गाडी उभी असते तेव्हा इंजिन मिनिटाला सात-आठशे फेरे घेत असतं, थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असते आणि आत ओढली जाणारी हवा अगदी थोडी. अशा वेळी फाटक्या पाइपातून चोरून शिरलेली हवा मोठी ठरते. मिश्रण पातळ पडतं, इंजिन अडखळतं. रेस दिली की हवेचा लोंढाच एवढा येतो की ती चोरी त्यात बुडून जाते आणि गाडी सुधारल्यासारखी वाटते. उलट पंप थकला असेल, पेट्रोलचा फिल्टर तुंबला असेल किंवा सायलेन्सरची वाट बुजली असेल, तर उभ्या गाडीला त्याचा पत्ताच नसतो. ते दुखणं चढाला, भरल्या गाडीला, ओव्हरटेक करताना वर येतं. उभ्यानं थरथरते आणि चढालाही मरते, तर बहुतेक ठिणगीत नाहीतर दाबात खोट. हा हिशेब दर वेळी खरा ठरतोच असं नाही, पण कुठल्या टोकाकडून सुरुवात करायची ते कळतं.

मी धंद्यात आलो ते शिवाजी उद्यमनगरात, हाताखालचा पोरगा म्हणून. प्रीमियर पद्मिनी, ॲम्बॅसॅडर आणि १९८३ च्या डिसेंबरात दिल्लीला पहिली किल्ली दिली गेली ती मारुती ८००, जी तोवर आमच्याकडंही गल्लोगल्ली झाली होती. कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, पॉइंट, एवढ्यात सगळं शिक्षण. वस्तादांकडं हत्यारं मोजकी होती: फिलर गेज, टेस्ट लॅम्प, प्लगचा पाना आणि आदल्या दिवशीचं वर्तमानपत्र.

वर्तमानपत्राचं काम मोठं होतं. वस्ताद त्याची चार बोटं रुंद पट्टी फाडायचे आणि चालू गाडीच्या सायलेन्सरच्या तोंडापासून दोन इंचांवर धरायला लावायचे. ‘बघ आणि सांग.’ इंजिन चांगलं असेल तर कागद बाहेरच्या अंगाला एकसारखा फडफडत राहतो. एखादा सिलिंडर मरत असेल तर ठरावीक अंतरानं कागद लोंबतो, पुन्हा उठतो. आणि एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जळाला असेल तर झोतात असलेला कागद मध्येच उलटा आत ओढला जातो, पाइपाच्या तोंडाला टेकतो आणि पुन्हा सुटतो. मला सुरुवातीला कागद हलतोय एवढंच दिसायचं. वस्ताद काही समजावून सांगायचे नाहीत. ‘अजून बघ’ म्हणायचे आणि दुसऱ्या गाडीखाली जायचे. पुढं पुढं त्यातला ताल दिसायला लागला, आणि मग तो कागदाशिवाय कानाला ऐकू यायला लागला. आजही गाडी फाटकातून आत येताना मी आधी तिच्या मागच्या बाजूला जाऊन उभा राहतो. गिऱ्हाइकाला वाटतं, मी नंबर प्लेट वाचतोय.

त्यानंतर एकेक हायटेन्शन वायर काढून बघायची. ज्याची वायर काढल्यावर इंजिनाचा आवाज पडतो तो सिलिंडर कामाचा. ज्याची काढली तरी इंजिनाला फरक पडत नाही तो आधीच मेलेला. ८०० ला तीनच सिलिंडर, त्यामुळं एक गेला की गाडी अंगात आल्यागत हलायची. वायर हाताळताना झटका बसला तर कोपरापर्यंत मुंग्या यायच्या. आता बहुतेक गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल असते, म्हणून आम्ही इंजेक्टरचा सॉकेट काढतो. रीत तीच.

प्लग वाचणं हा दुसरा धडा. भाजलेल्या विटेचा फिकट रंग असेल तर ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. तेलकट काळा म्हणजे रिंगा नाहीतर व्हॉल्व्हच्या सील गेल्या. पांढराफटक म्हणजे मिश्रण पातळ, इंजिन तापतंय. त्या काळात पेट्रोलात रेशनच्या रॉकेलची भेसळ व्हायची, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. अशी गाडी चढाला आली की इंजिन खडखडायचं, प्लग काळे यायचे, आणि दोष मात्र आमच्या ट्यूनिंगला मिळायचा. वस्ताद गिऱ्हाइकाला सांगायचे, पंपावर फिल्टर पेपर माग. नोझलचा एक थेंब त्यावर टाकायचा. उडून गेल्यावर डाग राहता कामा नये. तो पेपर मागायचा हक्क आजही आहे. मागणारा मात्र अजून मी पाहिलेला नाही.

२००० च्या सुमारास इंजेक्शनच्या गाड्या आल्या आणि पॉइंट-कार्ब्युरेटर मागं पडले. उद्यमनगरातली काही चांगल्या हाताची माणसं पुढच्या काही वर्षांत धंद्यातून गेली. त्यांचं म्हणणं असं की, जिथं स्क्रूच नाही तिथं आपण फिरवायचं काय? मला ते पटलं नव्हतं. हवा-पेट्रोल-ठिणगी-दाब बदललेलं नव्हतं. बदललं होतं एवढंच की कार्ब्युरेटर बिघडला की त्याच दिवशी बोंब मारायचा, आणि या गाड्यांतला संगणक सांभाळून घेतो. ऑक्सिजन सेन्सर त्याला कळवतो की मिश्रण पातळ झालंय; तो पेट्रोल पाच टक्के वाढवतो, दहा टक्के, पंधरा टक्के. मालकाला काही जाणवत नाही. सांभाळून घ्यायची हद्द संपते तेव्हा डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो आणि मालक म्हणतो, ‘कालपर्यंत झक्कास होती.’ कालपर्यंत ती महिनाभर आजारी होती.

स्कॅनर घेतल्यावर मी बिघाडाच्या कोडपेक्षा हा टक्क्यांचा आकडा आधी बघायला शिकलो. त्याला फ्युएल ट्रिम म्हणतात. उभ्या गाडीला तो वीसच्या घरात असेल आणि अडीच हजारांच्या रेसला शून्याजवळ आला, तर हवा कुठून तरी शिरतेय. उभ्यानं बरा असेल आणि चढाला वाढत गेला, तर पेट्रोल पुरत नाही. वस्तादांचा हिशेबच आकड्यात मांडलेला. कोडचं म्हणाल तर, पी ०१७१ म्हणजे मिश्रण पातळ, पी ०३०० म्हणजे एकच असा नव्हे, कुठलाही सिलिंडर अधूनमधून मिस होतोय. कोडमध्ये पार्टचं नाव नसतं. लोक मात्र, आणि त्यात मिस्त्रीही आले, तो दुकानात द्यायच्या यादीसारखा वाचतात.

असाच एक माणूस, निवृत्त शिक्षक, प्लास्टिकच्या पिशवीत बिलांची चळत घेऊन आला. दुसऱ्या एका गॅरेजात प्लग बदललेले, ऑक्सिजन सेन्सर बदललेला, थ्रॉटल बॉडी दोनदा साफ केलेली, आणि आता इंजेक्टर बदलायचा सल्ला. थरथर जशीच्या तशी. सरांकडं बिलांखेरीज एक खिशातली वहीही होती. कुठं थरथरली, किती किलोमीटर झाले, ऊन होतं की पाऊस, सगळं बारीक अक्षरात. त्यातली एक ओळ मी पुन्हा वाचायला मागितली: दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला जास्त, हँडब्रेक ओढून पाय काढला की कमी.

ब्रेकचा बूस्टर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो. आतला रबरी पडदा फाटला तर पेडल दाबलं की हवा त्यातून थेट मॅनिफोल्डमध्ये शिरते. मी गाडी चालू ठेवून डोकं स्टिअरिंगखाली घातलं आणि हातानं पेडल दाबलं. सुस्स, असा आवाज आला आणि इंजिन लगेच लंगडायला लागलं. बॉनेट उघडून बूस्टरचा पाइप पक्कडीनं चिमटला. इंजिन शांत. सरांना तिथं उभं करून पक्कड सोडून दाखवली, पुन्हा चिमटून दाखवली. हे ब्रेकचंही काम होतं, म्हणून गाडी त्यांना परत चालवत नेऊ दिली नाही. बूस्टर बदलला.

बिल केलं: पार्टचे इतके, बसवायची मजुरी इतकी. सर चष्मा वर करून म्हणाले, ‘आणि शोधण्याचे?’

मी म्हटलं, ‘सर, शोधलं तर तुमच्या वहीनं.’ ते हसले, पण पैसे दिल्याशिवाय उठले नाहीत. त्या दिवसापासून माझ्या बिलावर ‘तपासणी’ अशी वेगळी ओळ असते. तिच्यावरून जेवढी भांडणं झाली तेवढी दुसऱ्या कशावरून झाली नाहीत.

चढाचं दुखणं गॅरेजात सापडत नाही. त्याला मी पन्हाळ्याच्या वाटेला नेतो. कोल्हापूर सोडलं की वाघबीळपासून चढ लागतो, आणि तिथं तिसऱ्या गिअरला ॲक्सिलरेटर दाबून धरला की खोटं बोलणारी गाडी खरं बोलते. पेट्रोलच्या लाइनला प्रेशर गेज जोडायचा, त्याची नळी बॉनेटच्या फटीतून बाहेर काढायची आणि गेज समोरच्या काचेवर चिकटपट्टीनं चिकटवायचा. मालकाला शेजारी बसवतो. सपाटीला काटा तीन बारवर ठाम असतो. चढाला लागून थोडं गेलं की अडीच, दोन, आणि त्याच वेळी गाडी मान टाकते. पंप गेलाय हे मग तोंडानं सांगावं लागत नाही. सीएनजीची गाडी असेल तर तोच चढ आधी गॅसवर आणि मग पेट्रोलवर चढून बघतो. गॅसवर मिस होते आणि पेट्रोलवर नाही, तर बहुधा प्लगची फट वाढलेली असते किंवा कॉइल दमलेली. गॅस पेटवायला ठिणगी जास्त जोराची लागते. किटवाल्याला शिव्या देण्याआधी प्लग बघावेत.

दोन्ही तक्रारी एकमेकींपासून जन्मतात हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. एक व्यापारी सिग्नलला थरथरणारी गाडी तशीच पळवत होता. पिवळा दिवा लुकलुकत होता, पण गाडी चालते ना, मग कशाला? दिवा स्थिर लागला तर गाडी सावकाश चालवत आणता येते. लुकलुकतो तेव्हा सिलिंडर मिस होऊन न जळालेलं पेट्रोल थेट सायलेन्सरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जात असतं. तिथं ते पेट घेतं. कन्व्हर्टरच्या पोटात मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची सिरॅमिकची वीट असते. ती वितळून बुजली. आता थरथर राहिली बाजूला, गाडी चाळीसच्या पुढं जाईना. व्हॅक्यूम गेज लावून अडीच हजारांची रेस धरली तर काटा हळूहळू खाली उतरत गेला, कारण धुराला बाहेर पडायला वाटच नव्हती. एका कॉइलचं काम होतं, ते कॉइल अधिक कन्व्हर्टर असं होऊन बसलं. कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनमच्या जातीचे धातू असतात, किंमत त्यांची असते.

कधी कधी इंजिनाचा काही संबंधच नसतो. ‘ओढत नाही’ म्हणून आलेली गाडी मी आधी सपाट जागेवर न्यूट्रलमध्ये ढकलून बघतो. एका हातानं हलली पाहिजे. नाही हलली तर ब्रेक धरून बसलाय. थोडं फिरवून आणल्यावर त्या चाकाची रिम हाताला चटका देते. रेस वाढते, आवाज वाढतो, पण वेग वाढत नाही, तर क्लच प्लेट. यासाठी स्कॅनर लावणाऱ्याला मी आत घेत नाही.

पंचगंगेनं आम्हाला वेगळंच शिकवलं. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, आणि पाणी उतरल्यावर गॅरेजासमोर चिखलानं माखलेल्या गाड्यांची रांग. ज्यांनी हात लावला नाही त्यांच्या गाड्या वाचल्या. ज्यांनी ‘बघू तर लागतीय का’ म्हणून किल्ली फिरवली, त्यांच्या सिलिंडरमधलं पाणी दबलं नाही, कनेक्टिंग रॉड वाकला. वाकलेल्या रॉडची गाडी चालू होतेही, पण त्या सिलिंडरचा पिस्टन पुरता वर येत नाही. कॉम्प्रेशन गेजवर बाकीचे बारा-तेरा किलो दाखवतात आणि तो नऊ. मग कितीही प्लग बदला, ती थरथर जात नाही. दुसरा प्रकार उशिरा येतो. पूर ओसरून महिने लोटतात, गाडी छान चालते, आणि दिवाळीच्या आसपास अधूनमधून अडखळायला लागते. सॉकेटच्या पितळी पिनांवर हिरवा कीट चढलेला असतो. इंजिन चालू ठेवायचं आणि वायरिंगचा जुडगा वीत वीत हलवत पुढं जायचं. जिथं हात लावल्यावर इंजिन दचकतं तिथं थांबायचं. या कामाला घाई चालत नाही आणि पार्ट तर एकही लागत नाही. उसाच्या फडाशेजारी गाडी लावणाऱ्यांच्या वायरी उंदीर खातात, तो प्रकार त्यामानानं सोपा, कुरतडलेलं डोळ्याला दिसतं.

आता पैशांचं बोलतो. दीडशे रुपयांचा रबरी पाइप शोधायला माझा अर्धा दिवस जातो. तीनशेचं बिल केलं तर गॅरेज चालत नाही. बाराशेचं केलं तर गिऱ्हाईक म्हणतं, ‘दीडशेच्या पाइपचे बाराशे?’ तेच मी तपासणी न करता पाच हजारांचा सेन्सर टाकला आणि पाचशे मजुरी लावली, तर तो निमूट देतो, वर पार्टच्या दुकानातून मला कमिशन मिळतं. सेन्सरनं फरक पडला नाही तर ‘आता पंप बदलून बघू’ म्हणायची सोय आहेच. आमच्या धंद्यात ‘बदलून बघू’ची जी साथ आलीय तिला मिस्त्रीचा आळस कारण आहे, पण निम्मं कारण बिल देणाऱ्याकडं आहे. हातात दिसणाऱ्या वस्तूचे पैसे द्यायला आपल्याला काही वाटत नाही. डोक्याचे द्यायचे म्हटले की फसवल्यासारखं वाटतं. डॉक्टरला तपासणीची फी देऊन आलेला माणूसही मला म्हणतो, ‘नुसतं बघायचे पैसे?’ माझ्याकडं काम शिकून गेलेल्या पोरांपैकी जी आज शोधून काम करतात ती कष्टात आहेत, आणि जी पार्ट बदलत सुटली त्यांची दोन-दोन गॅरेजं झालीत. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

म्हणून वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. गाडी थरथरायला किंवा मरायला लागली तर केव्हा, कुठं, थंड असताना की गरम, पाय ब्रेकवर असताना की नसताना, हे चार दिवस कागदावर लिहा आणि तो कागद मिस्त्रीला द्या. ‘काय बदलायचं?’ असं विचारू नका, ‘कशावरून?’ असं विचारा. बदललेला जुना पार्ट परत मागा. तपासणीचे पैसे किती ते आधीच ठरवून घ्या आणि काही न बदलता गाडी बरी झाली तरी ते द्या. आणि पिवळा दिवा लुकलुकत असेल तर गाडी चालवत गॅरेजला आणू नका. बाजूला घ्या, बंद करा आणि फोन करा, आम्ही येतो.